एम्प्रेस मिलवरची पुस्तकं शोधताना: ग्रंथालयांच्या नेटवर्कचा आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या पीएचडीचा विषय एम्प्रेस मिलचे कामगार. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला ही कापडगिरणी नागपुरात सुरू केली, म्हणून तिच्यावरचं सगळं नागपुरातच मिळेल असं मी धरून चालले होते. हवं होतं त्यातलं निम्मंही हाती लागेना. तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमनी डेलनेट दाखवलं, म्हणजे एकमेकांना पुस्तकं देणाऱ्या ग्रंथालयांचं नेटवर्क. सोबत इन्फ्लिबनेट या संस्थेची इंडकॅट, म्हणजे विद्यापीठ ग्रंथालयांतल्या पुस्तकांची एकत्रित ऑनलाइन सूची, आणि पीएचडीचे प्रबंध ऑनलाइन वाचायला देणारी शोधगंगा.

डेलनेट १९८८ मध्ये दिल्लीतल्या ग्रंथालयांपुरतं सुरू झालं. आता देशभरची ग्रंथालयं त्यात आहेत. पुस्तकाची मागणी आपल्या ग्रंथालयामार्फतच जाते. माझी तीन पुस्तकं अशी कुरिअरने आली, पहिलं बारा दिवसांनी. त्यावरचा परक्या शहराचा शिक्का पाहिला आणि ते घरी नेण्याचा धीर झाला नाही. वाचनकक्षातच बसून टिपणं काढली.

शोधगंगेवर प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये असतं. मी आधी संदर्भसूचीची फाइल उघडते. पुढे काय मागवायचं ते तिथेच कळतं.

खरी दमछाक मराठी पुस्तकांनी केली. सूचीतल्या अनेक नोंदी रोमन लिपीत, आणि ज्याचं त्याचं स्पेलिंग वेगळं. 'गिरणी' लिहिताना शेवटी कोणी एक आय लावतं, कोणी डबल ई. आरनंतर कोणी ए घालतं, कोणी नाही. म्हणजे एका शब्दासाठी चारदा शोधायचं. मे महिन्यात एका रात्री चौथ्या स्पेलिंगला मला हवं असलेलं पुस्तक सापडलं, आणि ते होतं नागपुरातच, माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर! दुसऱ्या दिवशी तिथल्या काकांनी पाऊण तास कपाटं धुंडाळून ते काढून दिलं. त्यांचे आभार मानताना मला भरून आलं.

ही अडचण सुटण्यासारखी आहे, म्हणून जास्त लागते. ग्रंथालयं संगणकावर पुस्तकांच्या नोंदी ज्या मार्क (MARC) पद्धतीने करतात, तिच्यात मूळ लिपीसाठी ८८० क्रमांकाचं क्षेत्र आहेच. ते भरलं की देवनागरीत शोधणाऱ्यालाही पुस्तक दिसतं. मराठी पुस्तकांसाठी ते भरायलाच हवं, असं माझं ठाम मत झालंय. तोवर नव्या वाचकांनी आधी लेखकाच्या आडनावाने शोधावं, त्यात चुकायला जागा कमी.

मॅडमनी आमच्याकडच्या मराठी नोंदी देवनागरीत करायला घेतल्यात. शनिवारी दुपारी मी मदतीला बसते. परवा 'ग'पर्यंत आलो.