मेंढरं बसवायची की युरिया टाकायचा?

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पिकते. म्हणून खत निवडताना मी आधी ओलीचा विचार करते.

युरिया सोपा. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, तासाभरात टाकून मोकळं. पण पाऊस लांबला की वर पडलेल्या युरियातलं बरंच नत्र अमोनिया होऊन हवेत जातं, आणि हल्ली पाऊस लांबतोच. शिवाय त्यानं माती भुसभुशीत होत नाही.

धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा कळप, रात्री रानात बसवायचा तर आधी बोलणी, रात्रीच्या हिशेबानं धान्य किंवा पैसे. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावली की कळप आत. दुसऱ्या दिवशी वाघर पुढं सरकते, म्हणून सगळ्या रानाला लेंडी-मूत सारखं मिळतं. मुताचं नत्र लगेच लागू पडतं, लेंडी हळूहळू कुजते आणि माती ओल धरते. पेरणीआधी हातात घेतलेलं ढेकूळ चटकन फुटतं, आत गारवा असतो.

अडचण एकच, वाडा हवा तेव्हा मिळत नाही. चराऊ माळ कमी झालेत. तरी कोरडवाहू ज्वारीला मी वाडाच बसवीन. युरिया पाण्याखालच्या तुकड्यापुरता. यंदा धनगरमामांना दिवाळीनंतरच सांगून ठेवलंय, उन्हाळ्यात रान मोकळं झालं की या.