हिऱ्यात डाग ‘नंतर’ पडत नाहीत. माझे १,००,५०० रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुलाच्या साखरपुड्याला सुनेसाठी हिऱ्याची अंगठी घेतली, दादर भागातल्या एका पेढीतून. आकडे मला पाठ आहेत. ०.५२ कॅरटचा खडा ७८,०००. १८ कॅरट सोनं ३.६ ग्रॅम, १४,२२०. घडणावळ ५,४००. त्यावर ३ टक्के जीएसटी. सुट्टे सोडून १,००,५०० घेतले. पोस्टातली पाच वर्षांची आरडी त्याच महिन्यात संपली होती, ते सगळे पैसे त्यात गेले.

असाच खडा आणखी दोन दुकानांत लाखाच्या पुढे सांगत होते. शेठ म्हणाला, “मावशी, आम्ही थेट सुरतहून आणतो, मध्ये दलाल नाही.” एवढा स्वस्त कसा, हे विचारायला हवं होतं असं आता घरातले सगळे म्हणतात. सोन्याचा दर रोज पेपरात येतो, तो मला कळतो. हिऱ्याचा तसा दर कुठे असतो? आणि अंगठीवर हॉलमार्क होता, तोही मी भिंगातून बघून घेतला. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याशी त्याचा काही संबंध नाही, हे त्या दुकानात कोण सांगणार?

पण मला खरं टोचतं ते वेगळंच. डबी हातात देताना तो म्हणाला होता, “साइज कमी-जास्त करायला, धुवायला दुसऱ्या कुठल्याही सोनाराकडे नेऊ नका. मशीनमध्ये धुवायची नाही. आमच्याकडेच आणा, आयुष्यभर फुकट करून देऊ.” मला वाटलं, किती आपुलकीने वागतात! मी घरी येऊन कौतुकाने हेच सांगितलं. अहो, हिरा ही जगातली सगळ्यात कठीण वस्तू, सोनार रोज हिऱ्यासकट अंगठ्यांना आच देतात. मग याच खड्याला आगीची आणि मशीनची एवढी भीती का? तो माणूस तोंडावर सांगत होता आणि मी मान डोलावत होते. दोन वर्षं झाली, तरी रात्री ते वाक्य आठवलं की झोप उडते.

जानेवारी २०२५ मध्ये सुनेच्या बोटात अंगठी सैल झाली. दादरला कोण जाणार म्हणून आमच्या गल्लीतल्या सोनाराकडे दिली. कडी कापून डाक लावताना, म्हणजे सांधा जोडताना, बर्नरची आच लागली, आणि खड्यात आरपार पांढरट भेगा दिसायला लागल्या. मी त्या माणसाला चारचौघांत नको ते बोलले. खडा बदलला म्हणाले, चोर म्हणाले. तो बिचारा एवढंच म्हणाला, “वहिनी, हा खडा भरलेला होता. तपासून घ्या.”

पेढीवर गेले तर शेठ शांतपणे म्हणतो, “हिऱ्यात असे डाग वापराने पडतात. मुंबईची दमट हवा, घाम, साबण. नैसर्गिक वस्तू आहे.”

हे साफ खोटं आहे. हिऱ्याच्या आतले डाग तो जमिनीखाली शंभर-दीडशे किलोमीटरवर किंवा त्याहून खोल तयार होताना किंवा तिथून वर येताना पडलेले असतात. हवेने, घामाने ते जन्माला येत नाहीत आणि वाढतही नाहीत. जोराचा फटका बसला तर हिरा ठरावीक दिशांनी चिरतो, कडेचा टवका उडतो, एवढं खरं. पण फटक्याची खूण भिंगाखाली दिसते. माझ्या खड्यावर तशी खूण नव्हती.

बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) हिरे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत २,३६० रुपये भरून तपासणी केली. अहवालात स्वच्छ लिहिलंय: भेगांमध्ये काच भरलेली. शिशाची काच वितळवून भेगांत भरतात, तिच्यातून प्रकाश जवळजवळ हिऱ्यासारखाच वळतो, म्हणून भेग डोळ्यांना दिसेनाशी होते. आच लागली की काच बिघडते आणि जुनी भेग उघडी पडते. दहापट भिंगाखाली खडा हळूहळू फिरवला तर भेगेत निळी-जांभळी किंवा नारिंगी झाक चमकते. जीआयए ही हिऱ्यांची प्रतवारी करणारी अमेरिकन संस्था असल्या काच भरलेल्या हिऱ्यांना प्रतवारीचं सर्टिफिकेट देतच नाही. माझ्याकडे होतं ते पेढीचं स्वतःचं गुळगुळीत कार्ड. त्यावर ‘व्हीएस-२’ (आतले डाग फार बारीक, अशी प्रत) लिहिलं होतं, नंबर नव्हता.

आणि पावती! त्यावर फक्त ‘१८ कॅरट अंगठी, हिऱ्यासह’. खड्याचं वजन नाही, प्रत नाही, ‘नैसर्गिक, प्रक्रिया न केलेला’ असा शब्द नाही. हे लिहून दिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. दुकानदार “विश्वास ठेवा” म्हणाला तर उठून चालू लागा.

पोलिसांकडे चार खेपा घातल्या. पहिल्यांदा “साहेब बंदोबस्ताला आहेत”. दुसऱ्यांदा “हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा”. तिसऱ्यांदा एकाने मला, साठीच्या बाईला, विचारलं, “सोनाराशी भांडण झालं म्हणून पेढीवर ढकलताय का?” गुन्हा २०२२ चा, तेव्हाचं कलम ४२०, हे मी वाचून गेले होते. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, शिक्का मारून पोच द्यायला पाऊण तास लावला. व्यापाऱ्यांच्या संघटनेत गेले, तिथे पेढीचं नाव ऐकून चहा दिला आणि “आपसांत मिटवा” म्हणाले. ग्राहक हेल्पलाइनला फोनवर नोंदवलेली तक्रार तर ‘ग्राहकाने अन्यत्र काम करून घेतले’ या पेढीच्या एका ओळीवर बंद झाली. मला कुणी विचारलंही नाही.

शेवटी ग्राहक आयोगात गेले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, “खरेदीला दोन वर्षं उलटली, मुदत संपली.” ऐकून घेऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ६९ वाचा: दोन वर्षं तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात, आणि सबळ कारण असेल तर उशीर माफ करता येतो. मला फसवणूक कळलीच जानेवारीत. वस्तूसाठी पाच लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर फीही नाही. मी तिथेच उभी राहून अर्ज लिहिला. तो दाखल झालाय, दोनदा तारीख पुढे गेलीय.

अंगठी प्रयोगशाळेच्या सीलबंद पाकिटात आहे, पुरावा म्हणून. सुनेच्या माहेरच्यांना मी अहवालाची प्रत स्वतः नेऊन दाखवली, कारण आम्हीच हलका खडा घातला अशी कुजबुज माझ्या कानावर आली होती. गल्लीतल्या सोनाराकडेही गेले, त्याच्या दुकानात गिऱ्हाइकं असतानाच माफी मागितली. त्याने अहवाल वाचला, घडी घालून परत दिला आणि डाक लावल्याचे ३५० रुपये घेतले नाहीत.