जुने मेल ईएमएल फाइल करून ठेवतोय: काही महिन्यांच्या वापरानंतर

जुने मेल थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममधून बाहेर काढायचे आणि साध्या फोल्डरमध्ये एका मेलची एक ईएमएल (.eml) फाइल अशी ठेवायची, हे सुरू करून आता बरेच महिने झाले. मेल बाहेर निघतात की नाही हे पहिल्याच दिवशी कळतं. खरी परीक्षा नंतर होते, एखादा जुना मेल घाईत हवा असतो तेव्हा.

काढायचं काम सोपं आहे. थंडरबर्ड फुकट आहे. त्यात 'इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी' हे अ‍ॅड-ऑन टाकायचं, फोल्डरवर राइट क्लिक करून ईएमएल निवडायचं, झालं. मात्र आयमॅप खातं असेल, म्हणजे मेल मुळात सर्व्हरवर राहत असतील, तर आधी सगळे मेसेज ऑफलाइन उतरवून घ्या. नुसती यादी दिसतेय म्हणजे मजकूर तुमच्या कॉम्प्युटरवर आलाच आहे असं नसतं. एखाद-दुसराच मेल हवा असेल तर जीमेलमध्ये तो मेल उघडून थेट डाउनलोड करता येतो. तीही ईएमएलच मिळते.

'पीडीएफ का नाही करत?' असं बरेच जण विचारतात. वाचायला पीडीएफ छानच, पण त्यात मेलचा चेहरा येतो, अंग येत नाही. मेल कुठल्या सर्व्हरवरून फिरत आला याच्या नोंदी, मेसेजचा ओळख क्रमांक, डिजिटल सही, हे सगळं गळतं. ईएमएलमध्ये मेल जसा आला तसाच राहतो, अटॅचमेंटसकट. अटॅचमेंट बेस64 पद्धतीने अक्षरांत बदललेली असते, त्यामुळे ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते. 3 एमबीचा फोटो 4 एमबीच्या पुढे जातो, तेवढी जागा धरून चाला.

एमबॉक्स हे मेल साठवायचं दुसरं स्वरूपही वापरून पाहिलं. गूगल टेकआउट (गूगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) मेल त्याच स्वरूपात देतं. अख्खं खातं एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायला ते उत्तम. रोजच्या साठवणीला मात्र नको, कारण फोल्डरभर मेल एकाच फाइलीत असतात. एक मेल वाढला की बॅकअपमध्ये बहुधा ती अवाढव्य फाइल पुन्हा पूर्ण कॉपी होते. शिवाय फाइल मध्येच खराब झाली तर किती मेल गेले याचा पत्ता लागत नाही.

फाइलच्या नावाकडे दुर्लक्ष करू नका. अ‍ॅड-ऑनच्या सेटिंगमध्ये नावात तारीख, पाठवणारा, विषय काय-काय हवं ते ठरवता येतं. तारीख आधी आणि तीही वर्ष-महिना-दिवस अशी ठेवा, म्हणजे फोल्डर आपोआप क्रमाने लागतो. कॉपी करताना फाइलची स्वतःची तारीख बदलू शकते, नावातली बदलत नाही. विषय लांबलचक असेल तर आपल्या लिपीला एक जादा फटका बसतो. लिनक्सवर फाइलच्या नावाला सहसा 255 बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 3 बाइट खातं. म्हणजे जेमतेम 85 चिन्हं, आणि त्यात काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजायची! मी विषयाची लांबी सेटिंगमध्येच कापून टाकली आहे.

सगळ्यात जास्त वैताग शोधण्यात आला. इंग्रजी मेलमधला शब्द साध्या फाइल-शोधातही बहुतेक वेळा सापडतो. मराठी मेल नोटपॅडमध्ये उघडून बघा: विषयाच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक माळ आणि खाली मजकुराचीही तीच गत. मराठी मजकूरही बहुधा बेस64 मध्येच असतो, आणि ते दर 3 बाइटची 4 अक्षरं करतं. त्यामुळे आधी किती बाइट येऊन गेले यावर 'पावती' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या रूपांत दिसू शकतो. टेक्स्ट एडिटरला तो कसा सापडावा? यावर दोन उपाय चालले. एक, एक्स्पोर्ट करतानाच इंडेक्सही (मेलची यादी) बनवून घ्यायचा. त्यात विषय वाचता येण्याजोगे असतात. दोन, मराठी मेल जास्त आहेत अशा फोल्डरची साध्या मजकुराची एक जादा प्रत काढायची आणि शोध तिच्यात घ्यायचा. मूळ म्हणून ईएमएलच ठेवायची.

संभाषणाची साखळी फोल्डरमध्ये तुटलेली दिसते, पण दुवे फाइलीच्या आत शाबूत असतात. त्या ईएमएल थंडरबर्डच्या लोकल फोल्डरमध्ये परत घेतल्या की उत्तरं पुन्हा एकाखाली एक लागतात. जे मेलमध्ये कधी नव्हतंच, ते मात्र परत येत नाही. जाहिरातवजा मेलमधली चित्रं बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर असतात. तिथून ती काढली की जुन्या मेलमध्ये नुसत्या रिकाम्या चौकटी उरतात. त्याचं दुःख नाही. पण अटॅचमेंट मोठी म्हणून ड्राइव्हची लिंक पाठवलेली असते, तिथे फाइलीत फक्त लिंक येते. असे मेल आधी हुडकून त्यामागच्या फाइली लिंक जिवंत आहे तोवर उतरवून घ्या.

आणि हो, ईएमएलला कुलूप नसतं. डिस्क ज्याच्या हाती पडेल तो सगळं वाचू शकतो, तेव्हा ती एन्क्रिप्ट केलेली असू द्या. सर्व्हरवरचे मेल मी अजून पुसलेले नाहीत. एकेका वर्षाच्या फोल्डरमधले थोडे मेल अटॅचमेंटसकट उघडून पाहतो आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत झाली की मगच ते वर्ष पुसायला घेणार आहे.