चेसिस तीच, बॉडी वेगळी: दुकानातल्या कॉम्प्युटरवर कुठला ब्राउझर टाकायचा?

सांगलीत गणपती पेठेत मित्राचं दुकान आहे. 4 जीबी रॅमचा जुना कॉम्प्युटर. दिवसा त्यावर जीएसटीचं रिटर्न, रात्री पोराचं यूट्यूब. "क्रोम लई जड झालंय. एज टाकू का ब्रेव्ह?"

म्हटलं, गड्या, तू ट्रकची बॉडी बदलतोयस, चेसिस तीच राहणार. वेबसाइटचा कोड वाचून पडद्यावर अक्षरं-बटणं मांडतं ते ब्राउझरचं इंजिन. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सगळ्यांचं एकच: ब्लिंक. 2013 मध्ये ते ॲपलच्या वेबकिटमधून फुटून निघालं. 2020 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टनंही एजमधलं स्वतःचं इंजिन काढून हेच बसवलं. सफारी वेबकिटवर चालतं, पण ते विंडोजवर मिळत नाही, सोडून दे. (आयफोनवाल्यांसाठी: आपल्याकडे आयफोनवर क्रोम घेतलं तरी आत वेबकिटच असतं.)

खरा वेगळा पर्याय एकच, फायरफॉक्स. त्याचं इंजिन गेको.

आता रडगाणं. मी स्वतः फायरफॉक्सवाला. मध्यंतरी एक ऑनलाइन फॉर्म भरत होतो. जिल्हा निवडला, तालुक्याची यादी कोरी. तीनदा पान रिफ्रेश केलं, तेच. एजमध्ये उघडला, मिरज, तासगाव, पलूस सगळे हजर! माझ्या मते दोष फॉर्म बनवणाऱ्याचा, त्यानं फक्त क्रोमवर तपासून बघितलं असणार. पण शेवटच्या तारखेला हा वाद कुणाशी घालणार?

उलट जाहिराती अडवायच्या तर फायरफॉक्स सरस. गूगलनं एक्स्टेंशनचे (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचे) नियम बदलल्यापासून क्रोममध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन पूर्ण चालत नाही, हलकी लाइट आवृत्ती मिळते. फायरफॉक्समध्ये अख्खं चालतं. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवायची सोय मुळातच आहे, पण त्यातलं क्रिप्टोचं (आभासी चलनाचं) लचांड मला नको वाटतं. जुन्या मशीनला ब्राउझर बदलण्यापेक्षा जाहिराती कमी केल्याचाच जास्त फायदा होतो, हा माझा अनुभव. एज न वापरलेले टॅब झोपवतं, क्रोममध्येही मेमरी सेव्हर आहे. तिथं डावं-उजवं करण्यासारखं फार नाही.

शेवटी जीएसटी आणि बँकेला एज ठेवलं, ते विंडोजबरोबर आलेलंच होतं. बाकी सगळ्याला फायरफॉक्स. क्रोममधले बुकमार्क वगैरे ते स्वतःच उचलून आणतं. बुकमार्क आले. पासवर्ड एकही नाही, कारण ते सगळे खतावणीच्या शेवटच्या पानावर होते.