कूलिंग फॅनच्या वायरिंगचे पैसे देण्याआधी हे वाचा

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा जुना पंखा काढून विजेवर चालणारा कूलिंग फॅन बसवून घेताना मला ज्या रीतीने लुबाडले गेले, ती रीत या धंद्यात जुनीच आहे, असे आता सगळे सांगतात. आधी कोणी सांगितले नव्हते. बिलावर 40 अँपिअरचा रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच), 30 अँपिअरचा फ्यूज, रेडिएटरवरचा थर्मोस्विच आणि 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची 5 मीटर वायर असे चार जिन्नस होते आणि सगळी रक्कम आगाऊ घेतली गेली.

प्रत्यक्षात रिले बसवलेला होता, पण पंख्याचा मुख्य करंट ज्यांतून जायला हवा त्या त्याच्या 30 आणि 87 या पायांना काहीही जोडलेले नव्हते. फ्यूजचा होल्डर नजरेस पडेल अशा जागी स्क्रूने आवळला होता, मात्र त्याच्या वायरींची टोके टेप गुंडाळून मागे दडवली होती. पंख्याला वीज मिळत होती ती थेट इग्निशन स्विचकडून, 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीचे दोन तुकडे हाताने पिळून केलेल्या जोडातून. त्या वायरीचे टोक खरवडल्यावर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरे ॲल्युमिनियम निघाले. वायर वरून जाड दिसते म्हणून विश्वास ठेवू नका, समोर सोलून दाखवायला सांगा.

लबाडी उघडी पडण्याचा क्षण माझ्या डोळ्यांसमोर येऊन गेला होता, याचीच चीड सर्वांत जास्त आहे. गाडी बराच वेळ उभी होती, इंजिन थंडगार होते, आणि किल्ली फिरवताच पंखा गरगरू लागला. रेडिएटरमधले पाणी 90 ते 95 अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्यावर थर्मोस्विच जोडणी पूर्ण करतो. मग थंड इंजिनावर पंखा फिरेलच कसा? रिले ओढला जाताना येणारा ‘टक्’ असा आवाजही आला नाही. काम करणाऱ्या मेकॅनिकला मी विचारलेसुद्धा. “टेस्टिंगसाठी डायरेक्ट दिलाय साहेब, नंतर आपोआप सेट होतो,” असे उत्तर इतक्या सहज आले की पुढे बोलणे म्हणजे त्या माणसाचा अपमान करणे वाटले. पैसे मोजून काम सोपवल्यावर मल्टिमीटर घेऊन डोक्यावर उभे राहणे हे गिऱ्हाइकाचे काम नव्हे, असे माझे आजही मत आहे.

असा पंखा चालताना 20 अँपिअरच्या आसपास आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट करंट ओढतो, तर रिलेच्या कॉइलला, म्हणजे रिले ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. म्हणूनच इग्निशन स्विचवर फक्त कॉइलचा भार ठेवायचा असतो. माझ्या गाडीत सगळा भार स्विचवर होता. भर रहदारीत स्टिअरिंगखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, पंखा थांबला आणि पाठोपाठ इंजिनही बंद पडले, कारण दोन्हींना त्याच स्विचमधून वीज जात होती. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळच हवा. तो वायर वाचवण्यासाठी असतो, पंख्यासाठी नव्हे. स्विच आणि जळालेली वायरिंग बदलण्याचे बिल पहिल्या बिलाच्या अडीचपट झाले.

यानंतर जे घडले त्याला दाद मागणे म्हणतात. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “आग लागली का?” नाही म्हटल्यावर हा दिवाणी वाद ठरला. ग्राहक तक्रार कार्यालयाने तज्ज्ञाचे प्रमाणपत्र मागितले. तज्ज्ञ म्हणवणाऱ्या वर्कशॉपने तोंडी शिव्या घातल्या, पण दुसऱ्याच्या कामावर लेखी काही देणार नाही असे स्पष्ट सांगितले. विमा कंपनीने तर मूळ वायरिंगमध्ये फेरफार केल्याचे कारण देऊन दावा फेटाळला, म्हणजे ज्याने फेरफार केला तो मोकळा आणि ज्याने त्याचे पैसे भरले तो दोषी! बिलावर वायरीची जाडी लिहून घ्या आणि रिलेच्या मागच्या बाजूचे फोटो काढा, कारण कार्यालयांत कागदाशिवाय कशालाही किंमत नाही.

काढलेला रिले आणि वायरीचे तुकडे याच ग्राहक कार्यालयाने ‘तपासणीसाठी’ ठेवून घेतले आणि पोच मागितली तेव्हा “इथून काही हरवत नाही” असे ऐकवले. आता माझ्या तक्रारीवर ‘पुरावा उपलब्ध नाही’ असा शेरा पडला आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर लेखी पोच हातात पडेपर्यंत वायरीचा एक तुकडाही देऊ नका.