सोयाबीन उगवलं नाही तर दावा कुठे लावायचा? जिल्हा ग्राहक आयोगाच्या सेवेचा आढावा

बियाण्याची कंपनी दुसऱ्या जिल्ह्यातली, दुकान तालुक्याच्या गावात आणि बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’. दिवाणी न्यायालयात अशा ओळीवरून सुरुवातीलाच हरकत येते आणि मूळ नुकसानीचा मुद्दा बाजूला पडतो. जिल्हा ग्राहक आयोग इथेच उजवा ठरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. रेणापूरच्या शेतकऱ्याने लातूरला, परतूरच्याने जालन्याला.

रकमेचा हिशेबही शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. आयोगाच्या अधिकाराची मर्यादा ठरते ती बियाण्यासाठी दिलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. पिशव्या ९,००० रुपयांच्या आणि नुकसान ३ लाखांचं असलं तरी आयोग जिल्ह्याचाच, कारण त्याची मर्यादा ५० लाख आहे. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते.

‘बियाणे कायदा वेगळा आहे, आयोगाला अधिकार नाही’ हा बचाव अजूनही येतो. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच तो फेटाळला आहे. निकालाची प्रत तक्रारीलाच जोडा.

न्यायकक्षेचा प्रश्न असा सुटतो, पण तक्रार हरते ती पुराव्यावर, आणि बहुतेकदा तालुका समितीच्या (बियाण्याच्या तक्रारीवर शेतात पाहणी करणाऱ्या समितीच्या) पंचनाम्यावर. ‘उगवण कमी आढळली’ एवढंच लिहिलेला अहवाल अपुरा पडतो. कंपनी लगेच म्हणते, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हायच्या आधी पेरलं, ३-४ सेंटिमीटरपेक्षा खोल पेरलं. म्हणून पेरणीची तारीख, त्याआधीचा पाऊस, खोली, जमिनीतली ओल आणि शेजारच्या शेतातली दुसऱ्या लॉटची उगवण, हे सगळं अहवालात लिहून घ्या. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी. त्याच्याशी तुलना आणि दोष बियाण्याचाच असल्याचा स्पष्ट निष्कर्ष हवा. कंपनी आणि विक्रेत्याला पाहणीची सूचना दिल्याचीही नोंद असू द्या, नाहीतर अहवाल एकतर्फी ठरवला जातो. पिशवी, टॅग, लॉट नंबर असलेलं पक्कं बिल आणि मूठभर बियाणं सांभाळून ठेवा. बियाणं उरलं नाही म्हणून मात्र थांबू नका. शेतकऱ्याने सगळं बियाणं पेरलेलं असणार, हे त्याच २०१२ च्या निकालात मान्य केलं आहे.

तक्रार ई-जागृती पोर्टलवरून भरता येते आणि वकील सक्तीचा नाही. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. उत्तराला ३० दिवस, वाढवून जास्तीत जास्त ४५. त्यापुढे उत्तर आलं तर ते दाखल करून घेऊ नये, असा लेखी अर्ज त्याच तारखेला द्या.

उणीव वेळेची. कायदा ३ महिने म्हणतो, प्रयोगशाळेत तपासणी असेल तर ५. प्रत्यक्षात तारखा याहून बऱ्याच लांबतात आणि पुढचा हंगाम हातातून जातो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला अपिलासाठी मात्र मुंबई गाठावी लागत नाही, राज्य आयोगाचं परिक्रमा (फिरतं) खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. मुदत ४५ दिवस.

बांध, वाटणी, वहिवाट असले वाद इथे आणू नका, ते दिवाणी किंवा महसूल न्यायालयाचे. बियाण्यासाठी पहिली पसंती हाच आयोग. फक्त कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. समितीकडच्या अर्जाने ही मुदत थांबत नाही.