पन्नासच्या वीस नोटा

गेल्या वर्षी जळगावातल्या एका मोठ्या जिमला मी एकरकमी ९,००० रुपये भरले आणि वर्षभरात गेले २३ दिवस. पतपेढीत कॅशियर आहे, हिशेब लगेच केला: एका दिवसाचे ३९१ रुपये पडले. तिथे रोजचा पास १०० रुपयांना होता! अमेरिकेतल्या तीन जिमचा असाच हिशेब डेलाविग्ना आणि माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली मांडला. १० डॉलरला एक खेप पडेल असा पास असताना, महिन्याची फी भरणाऱ्यांना ती १७ डॉलरहून महाग पडत होती. फी भरताना ‘उद्यापासून रोज जाईन’ यावर माणसाचा फार भरवसा असतो.

जानेवारीपासून आमच्या कॉलनीतल्या महिला व्यायामशाळेत जातेय. फी ६०० रुपये. वर १,००० अनामत, पन्नासच्या वीस नोटा, आपल्या नावाच्या पाकिटात. महिन्याचे २० दिवस ठरलेले. दांडी झाली की दुसऱ्या दिवशी तिथल्या ताई पाकीट आपल्या हातात देतात. नोट आपणच काढून स्टीलच्या डब्यात टाकायची. जिवावर येतं हो! मिळालेल्या पन्नासपेक्षा गेलेले पन्नास मनाला जास्त लागतात. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात माझ्या सात नोटा गेल्या, फेब्रुवारीत तीन, मार्चमध्ये एक. एप्रिलमध्ये अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, तेव्हा दोन.

आहाराचा तक्ता ताई देत नाहीत. शेवेचा डबा वरच्या फळीवर ठेवा आणि केळी जेवणाच्या टेबलावर, एवढंच सांगतात. शेवभाजी मी सोडलेली नाही, पण तर्रीचं पातेलं आता ओट्यावरच राहतं. दुसऱ्यांदा घ्यायला उठावं लागतं, आणि बहुतेक वेळा उठणं होत नाही.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. कापलेले पैसे व्यायामशाळेलाच जातात, म्हणजे मी न येण्यात त्यांचा फायदा. ताईंच्या मनात तसं नाही, सकाळी फोन करतात, “काकू, निघालात का?” पण ते पैसे महिनाभर न चुकता येणाऱ्यांत वाटावेत, असं मी त्यांना दोनदा सांगितलंय. माझे तापाचे दोन दिवसही कापले. डॉक्टरांची चिठ्ठी चालायला हवी.

छत पत्र्याचं आहे. मे महिन्यात संध्याकाळी तिथे उभं राहवत नाही, सकाळी साडेपाचचीच बॅच घ्या. आणि सुट्टे घेऊन जा, पाचशेच्या दोन नोटा ताई घेत नाहीत.